बॅरिस्टरनं विलायतेला नेलेला टॉवेल

बायको जाऊन वर्ष होत आलं. घरी येणारा-जाणारा म्हणतो, आता तिच्या चांगल्या आठवणी काढत बसा. काढतो की. पण चांगली आठवण काढायला गेलं की तिच्या शेजारी तो बॅरिस्टर येऊन बसतो. पांढरा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, मांडीवर कागद. तो जिवंत आहे का मेला, मला ठाऊक नाही. मला त्याचा अजून हेवा वाटतो. ह्या वयात खोटं कशाला लिहू?

मी मूळचा माढ्याकडचा. शाळा चौथीपर्यंत. ट्रकवर क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो आणि सोलापुरात एका टॉवेलच्या कारखानदाराची ॲम्बॅसिडर चालवायला लागलो. बायको दुधनीची. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि भांडताना दोन्ही. ती त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. मागावरनं उतरलेले टर्किश टॉवेल घडी करायचे, एकावर एक रचायचे आणि तरटात बांधून गासडी करायची, हे तिचं काम. मालकाचा बाप तेलंगणातनं हातमाग घेऊन आलेला. मालकानं यंत्रमाग घातले, पण घरात अजून तेलुगूच बोलायचे आणि मालाच्या बाबतीत म्हातारीचा शब्द चालायचा.

नवं कापड अंगाला लावायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं, हे आपल्याकडं घरोघरी चालतं. आमच्या कारखान्यातही तेच. गासडी बांधायच्या आधी सगळ्यात वरच्या टॉवेलाच्या कोपऱ्याला हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. हे बोट माझी बायको लावायची. तिचा हात चांगला, असं मालकाच्या आईनंच ठरवलेलं. हुबळीचा, नागपूरचा व्यापारी गासडी उघडली की आधी ते बोट बघायचा. ते दिसलं नाही तर विचारायचा, काय हो, माल शिळा दिला का?

मोठा दुष्काळ सरून गेल्यावरची ही गोष्ट. मालकाला पहिल्यांदाच विलायतेची ऑर्डर मिळाली. लंडनचा एक व्यापारी तिकडच्या हॉटेलांना टॉवेल पुरवायचा. त्याला सगळा माल पांढराशुभ्र हवा होता. माल निघायच्या दिवशी मालकाची आई नारळ घेऊन आली. माझ्या बायकोनं त्या दिवशी एरवीपेक्षा जास्त मन लावून काम केलं. पहिल्यांदाच माल समुद्रापार चाललाय, म्हणून तिनं कोरड्या बोटानं न लावता कुंकू पाण्यात कालवून लावलं, चांगलं ठसठशीत, प्रत्येक गासडीत. मालक तिथंच उभा होता. त्यानं हात जोडले.

माल बोटीनं गेला तो पावसाळ्यात. समुद्राची हवा दमट. ओलं बांधलेलं कुंकू पसरलं, एका टॉवेलातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात उतरलं. लंडनला गासड्या उघडल्या तेव्हा पांढऱ्या मालावर लाल डाग. व्यापाऱ्यानं तार केली, मालावर रक्त आहे, माल घेणार नाही, वर आमचं नुकसान भरून द्या.

रक्त म्हणे. ही बातमी अर्ध्या तासात पॅकिंगमध्ये पोचली.

मालकाचे खटले चालवणारे एक वकील होते. जिल्हा कोर्टात त्यांचं नाव होतं. काळा कोट, तोंडात पान. ते आले आणि म्हणाले, काळजी करू नका, इथल्या कोर्टात दावा ठोकू, येऊ दे त्याला सोलापूरच्या उन्हात. मग त्यांनी विलायतेचा करार मागवला. पुढची बाजू वाचली, कागद उलटा केला. मागं मुंगीएवढी अक्षरं होती. वाचता वाचता त्यांचं पान चघळायचं थांबलं.

"ह्यात लिहिलंय, कायदा इंग्लंडचा लागू. भांडण झालं तर निवाडा लंडनला, लवादापुढं. तुम्ही सही करताना हे वाचलं नाही?"

"छापील होतं हो," मालक म्हणाला. "छापील म्हणजे सगळ्यांनाच सारखं असणार, असं वाटलं."

इंग्रज गेला असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तो कागदाच्या मागच्या बाजूला बसून राहिलेला, ते कुणी सांगितलं नव्हतं.

वकिलांनी एक वाट काढली. "त्या पॅकिंगच्या बाईनं परस्पर केलं, असं म्हणू. तिला कामावरनं काढा. तिच्या चुकीनं झालं, तुमचा दोष नाही." मी व्हरांड्यात गाडीची किल्ली घेऊन उभा होतो. ती बाई माझी बायको आहे हे वकिलांना ठाऊक नव्हतं. मालकाला होतं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मुंबईहून बॅरिस्टर येताहेत. लंडनला तेच उभे राहणार. त्यांना विचारू, तोवर राहू दे तिला."

रात्री बायको जेवली नाही. "काढलं तर काढू देत," ती म्हणाली. "दुसरीकडं घड्या करीन. पर मी रगत लावलं म्हनत्यात ना, ते कसं सोसू? माज्या हाताला बायका आता हात लावनार न्हाईत. कुनी वटी भरायला बोलवनार न्हाई."

"आसं कोन म्हनतंय?" मी म्हटलं.

"तुमी हितं बसून इचारा. बाहीर सगळी म्हनत्यात."

मी उठलो. कंदील बारीक केला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी बॅरिस्टरला आणायला स्टेशनवर गेलो. मला वाटलं होतं, गोरापान, चिरूट ओढणारा, मराठी तोडून बोलणारा कुणीतरी उतरेल. तसा असता तर बरं झालं असतं, राग धरायला सोपं गेलं असतं. उतरला तो काळासावळा, अंगानं बारीक, माझ्याच वयाचा. स्वतःची बॅग स्वतः धरलेली. मागं बसायचं सोडून माझ्या शेजारी येऊन बसला.

"ते कुंकू कुणी लावलं, तुम्हाला माहीत आहे का?" सात रस्त्याच्या चौकात यायच्या आत त्यानं विचारलं.

"आमच्या मंडळींनीच लावलंय, साहेब."

तो माझ्याकडं वळून बघायला लागला. "तुमच्या पत्नीनं? मग आधी त्यांनाच भेटू. मालकांना नंतर."

पत्नी. आमच्या घराण्यात हा शब्द तोवर कुणाला लागला नव्हता.

पॅकिंगमध्ये खुर्ची आणायला माणूस धावला, पण तो तरटाच्या ढिगावर बसला. बायको डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. त्यानं तिलाही बसायला लावलं. मी दारात उभा, वकील फाइल धरून उभे, मालक बाहेर येरझाऱ्या घालतोय.

"बाई, मला काही येत नाही असं समजा आणि सांगा. कोपऱ्यालाच का लावायचं?"

"मदी लावलं तर घान दिसंल की, साहेब."

"आणि कुंकू का? नुसती हळद चालली असती."

"अय्यो! नुसती हळद? जोडीनं पाटवायचं का एकटं?" ती म्हणाली, आणि मग तिचं तोंड सुटलं ते सुटलंच. आईकडनं कसं शिकली, दुधनीच्या बाजारात व्यापारी कसं बघतात, लग्नाच्या शालूला कुठं लावतात, बाळाच्या पहिल्या अंगड्याला कुठं. आमच्या लग्नाला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. ह्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होतो, तेही दारात उभा राहून.

तो मधेच थांबवायचा. "जरा सावकाश. लिहून घेतो." इंग्रजीत लिहायचा आणि मग मराठीत वाचून दाखवायचा. "मी असं लिहिलंय. बरोबर आहे का?" तीही काही कमी नव्हती. "हितं चुकलं बगा, साहेब. सासूनं न्हाई, आईनं." तो खोडायचा. विलायतेत शिकलेला माणूस माझ्या बायकोच्या सांगण्यावरनं खोडायचा, आणि तिचा चेहरा असा फुलायचा की मला तिकडं बघवेना.

शेवटी ती म्हणाली, "एवढं काय हाय त्यात, साहेब? त्यास्नी सांगा, धुऊन दोन दिस उनात टाका. डाग जातोय."

"अहो, तिथं ऊन कुठनं आणायचं?"

ती पदर तोंडाला लावून हसली. खांदे हलेपर्यंत हसली. मी ड्रायव्हर माणूस, आमच्या अड्ड्यावर माझ्या बोलण्याला माणसं लोळायची. घरात तिनं मला एकदाही असं हसून दाखवलं नव्हतं.

मग अंगठा. तिला सही येत नव्हती. शाईचा पॅड आणला. वकील पुढं झाले, पण बॅरिस्टरनं स्वतः तिचा अंगठा धरला, पॅडवर टेकवला आणि उचलून कागदावर हलकेच दाबला. "घाबरू नका, झालं." सगळ्यांसमोर, कामाचंच होतं, मला कळतं. तरी त्यानं माझ्या बायकोचा अंगठा धरला आणि मी किल्ली धरून उभा राहिलो. अजून लिहिताना कान तापतात.

त्यावर कळस म्हणजे ती म्हणाली, "साहेब, भाकर खाऊन जावा." आणि डबा सोडला. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल. त्यानं बोटं चाटून खाल्लं. म्हणाला, लंडनला असताना अशी चटणी स्वप्नात यायची. बायको हातातला घास धरून ऐकत राहिली. तो माझा डबा होता. मी त्या दिवशी कँटीनमध्ये पाव खाल्ला.

तिथंच वकीलही येऊन बसले. मी कोण ते त्यांना एव्हाना कळलं होतं, पण लाजायचा त्यांचा स्वभाव नव्हता. चहा बशीत ओतून म्हणाले, "बघितलंस? अशील माझा, जिल्हा माझा आणि फाइल धरायला मी. निवाडा कुठं, तर तिकडं एका खोलीत. न्यायाधीश नाही, पट्टेवाला नाही, नावाचा पुकारा नाही. दोनतीन माणसं टेबलाशी बसणार आणि सोलापूरच्या मालाचं ठरवणार."

"मग ह्येला कोर्ट कसं म्हनायचं, साहेब?"

"म्हणायचं. पुढं सगळी मोठी कामं तिकडंच जाणार. आम्हाला राहतील बांधावरची भांडणं आणि सोडचिठ्ठ्या." त्यांनी बशी जोरात ठेवली. त्या दिवशी सोलापुरात बॅरिस्टरवर जळणारी दोन माणसं होती आणि दोघं एका टेबलाशी चहा पीत होती.

परतताना स्टेशनच्या वाटेवर मागं वकील, पुढं बॅरिस्टर. वकिलांनी परत बाईला काढायचं काढलं. बॅरिस्टर शांतपणे म्हणाला, "तिला काढलंत तर आपणच कबूल केलं की चूक झाली. इंग्लिश कायदा व्यापाराचा जुना रिवाज मानतो. मी म्हणणार, हा इथला रिवाज आहे, माल घेणाऱ्यानं माहिती करून घ्यायला हवी होती. रिवाज पाळणाऱ्या बाईला कुणी कामावरनं काढतं का? ती राहिलीच पाहिजे."

"म्हणजे बाईला वाचवायचंय तुम्हाला."

"मी केस वाचवतोय, वकीलसाहेब. त्यात बाई वाचते, हे बरंच आहे."

हे वाक्य मी नीट धरून ठेवलं. घरी न्यायला मला काहीतरी सापडलं होतं.

"आणि समोरचा वकील?" वकिलांनी विचारलं.

"तो माझा मित्र. लंडनला एकाच बाकावर शिकलो. त्याच्या लग्नाला होतो मी."

मला राहवलं नाही. "मग भांडनार कसं, साहेब?"

"दिवसा भांडायचं. संध्याकाळी बरोबर जेवायचं."

आमच्याकडं बांधावरनं दोन भाऊ भांडले की एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत, मयताला गेले तरी लांब उभे राहतात. ह्यांचं भांडणही निराळं. सात समुद्रापलीकडं ह्यांची एक भावकी आहे, भाषा एक, जेवण एक, आणि आपला कागद फिरत फिरत त्यांच्या पंगतीत जाऊन पडतो. तिथं आपल्याला पान नाही. पुलाजवळ एक मोठा खड्डा होता. रोजच्या वाटेवरचा, मला पाठ. त्या दिवशी मी तो चुकवला नाही. बॅरिस्टरचं डोकं टपाला लागलं. "रस्ता खराब आहे," तोच म्हणाला.

जाताना त्यानं नमुना म्हणून डागाचा एक टॉवेल बरोबर नेला. व्यापाऱ्यानं काही टॉवेल तारेपाठोपाठ परत पाठवले होते. ज्यावर डाग कमी पसरला होता आणि बोटं ओळखू येत होती, असा त्यानं निवडला. बायकोनंच काढून दिला.

घरी जाऊन मी ते वाक्य तिला सांगितलं. "तुज्यासाटी न्हाई केलं त्यानं. केशीसाटी केलं. माज्या कानानं ऐकलंय."

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. "आसंल की. पर त्यानं इचारलं तरी. तुमी व्हरांड्यात हुबं हुता तवा काय केलं?"

तिला व्हरांड्याचं कुणी सांगितलं, मला कधी कळलं नाही. मी हात धुतले आणि बाहेर जाऊन बसलो.

निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. निकालसुद्धा नव्हता तो. मालकानं पॅकिंगमध्ये येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. लंडनला टेबलावर तो टॉवेल ठेवला होता. बाईचं म्हणणं इंग्रजीत वाचलं गेलं. रक्त हा शब्द समोरच्यानं मागं घेतला, तसं लेखी दिलं. मग दोन्ही बाजूच्या बॅरिस्टरांनी आपसात बसून मिटवलं. माल थोडा भाव पाडून व्यापाऱ्यानं ठेवून घेतला. बायका बायकोकडं बघायला लागल्या. मालकाच्या आईनं सगळ्यांदेखत तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिला मिठीत घेतलं. बायको रडली. मी दारात. माझी जागा तीच.

पण मिटवताना त्यानं पुढच्या करारात एक ओळ घातली. मालावर किंवा मालाच्या आत हळद, कुंकू, अक्षता, फूल, कसलीही खूण करायची नाही. ती ओळ लिहिणारा तोच, भाकरी खाऊन गेलेला. आमच्या कारखान्याचा करार बघून दुसऱ्यांनीही तोच छापला, मग तिसऱ्यांनी. रिवाज आहे असं तिकडं सांगून त्यानं केस वाचवली आणि तोच रिवाज एका ओळीत मोडून आला. दोन-चार वर्षांत परदेशी माल पाठवणाऱ्या कारखान्यातनं ते बोट गेलं. हळूहळू इथल्या मालातनंही गेलं. कुणाचा धाक नाही, दंड नाही. लंडनच्या खोलीत दोन मित्रांनी जेवता जेवता ठरवलं आणि सोलापुरातल्या बायकांच्या हातातले कुंकवाचे करंडे खाली ठेवले गेले.

मला वाटलं, आता तरी हिचे डोळे उघडतील. मी मुद्दाम म्हटलं, "बगितलं तुज्या साहेबाचं?"

"साहेबांनी लिवलंय ना?" ती म्हणाली. "मग त्यांस्नी कळत आसंल. न्हाई लावायचं."

तंबाखू सोड म्हणून मी तिला जन्मभर सांगितलं, तिनं ऐकलं नाही. त्याची एक ओळ, तीही तिला वाचता न येणारी, तिनं कामावरनं निवृत्त होईपर्यंत पाळली.

तो टॉवेल मात्र परत आला. वर्षभरानं मालकाच्या पार्सलमधनं, वेगळ्या पुडक्यात. कोपऱ्याला सुतळीनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर विलायती शिक्का आणि त्याच्या हातचं इंग्रजी. मालकानं वाचून सांगितलं, नमुना कुठला, कुणाच्या हातचा, एवढंच आहे. बायकोनं तो ट्रंकेत तळाशी ठेवला. वापरला नाही, धुतला नाही. पाहुणे आले की कधीमधी काढायची. "ह्यो विलायतेला जाऊन आलाय. माजं बोट तिकडं टेबलावर हुतं." मी उठून बाहेर जायचो.

माझं काय होतं, तर माझे सदरे. घरचं कापड कुणाच्या करारात बसत नव्हतं. माझ्या प्रत्येक नव्या सदऱ्याच्या आतल्या टोकाला तिनं बोट लावलं, शेवटच्या दिवाळीपर्यंत. मी मनात म्हणायचो, त्याच्या कोटाला हे कधी मिळालं नाही. कितीदा तरी म्हणायचो. पण भांडण झालं की तिची जीभ तिकडंच जायची. "बोलायची रीत त्या बॅरिस्टरसाहेबांकडनं शिका जरा." माझे सगळे केस गेले, तिचे पिकले, तरी ती त्याचं वय तेवढंच धरून होती.

शेवटी दवाखान्यात होती तेव्हा मी उशाशी बसलो होतो. तिच्या अंगात काही राहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ही काही आमचं, पोरांचं बोलेल. ती म्हणाली, "आवं, त्या साहेबाचं काय झालं आसंल हो?"

मी म्हटलं, "आसंल कुटंतरी. भाकर खात आसंल."

ती हसली. आवाज आला नाही, पण खांदे हलले. तेवढं मी मिळवलं. उशिरा मिळवलं, पण माझ्या बोलण्यावर मिळवलं.

सवाष्ण गेली. बायकांनी हळदकुंकवानं तिचा मळवट भरला, हिरवी साडी नेसवली. तेव्हा कुणी कुठल्या ओळीचा विचार केला नाही.

मध्यंतरी मुलगी आली होती. ट्रंक आवरताना तिला टॉवेल सापडला. "बाबा, केवढा मळलाय हा. धुऊन गच्चीवर टाकते. आपल्याकडचं ऊन, दोन दिवसांत डाग जाईल."

मी तिच्या हातातनं ओढूनच घेतला. ती घाबरली. म्हटलं, "ह्याला ऊन दावायचं न्हाई."

ती गेल्यावर मी कात्री घेतली आणि ती पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीसकट कापली. शिक्का, इंग्रजी, सगळं. चुलीत घालायला आता चूल नाही, म्हणून कचऱ्यात टाकली आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत दारात उभा राहिलो, कुणी उचलून परत आणू नये म्हणून. ते त्याचं होतं, गेलं. टॉवेल परत ट्रंकेत तळाशी ठेवलाय. कुंकू आता विटकरी झालंय, हळद नीट दिसत नाही, पण कोपऱ्याशी बोट कळतं. मी त्यावर माझं बोट ठेवून बघितलं. तिचं बारीक होतं.